सोल्व्हा, वेल्स: बंदर, भूगोल आणि जुन्या गोष्टी, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेल्सला फिरायला जायचं म्हटलं की आपली मंडळी स्नोडन नाहीतर कार्डिफ गाठतात, पेम्ब्रोकशायरचं नाव निघालं तर फार तर टेन्बी. सोल्व्हा बहुतेकांच्या यादीतच नसतं, आणि ज्यांच्या असतं ते तासभर थांबून चार फोटो काढून आईस्क्रीम खाऊन पुढे सेंट डेव्हिड्सला पळतात. पळा, काही हरकत नाही. पण त्या फोटोत जे जे सुंदर दिसतं ना, ते जवळपास सगळं कामासाठी बांधलेलं होतं, चुना भाजायला, कोळसा उतरवायला, दीपगृहाचे दगड घडवायला. हे माहीत असलं की तिथं बघायला कितीतरी जास्त सापडतं, म्हणून लोक नेहमी विचारतात ते प्रश्न इथे एका जागी टाकतोय.

हे आहे नेमकं कुठं?

वेल्सच्या पार नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरमध्ये, सेंट ब्राइड्स बे नावाच्या मोठ्या उपसागराच्या उत्तर किनाऱ्यावर. हॅव्हरफर्डवेस्टहून सेंट डेव्हिड्सला जाणारा ए४८७ रस्ता गावातूनच जातो, वरून एकदम तीव्र उतारानं खाली बंदराशी येतो आणि पुन्हा तसाच चढून बाहेर पडतो. सेंट डेव्हिड्स इथून पाचेक किलोमीटर. कार्डिफहून गाडीनं अडीच तास धरा, उन्हाळ्यात सुट्टीचे दिवस असतील तर जास्तच. सगळा भाग पेम्ब्रोकशायर कोस्ट नॅशनल पार्कमध्ये येतो, तो १९५२ साली जाहीर झाला आणि मुख्यतः किनाऱ्यासाठी म्हणून केलेला ब्रिटनमधला हा एकच नॅशनल पार्क आहे.

वेल्शमध्ये गावाचं नाव सोल्व्हाख, पाट्यांवर दोन्ही नावं असतात, गोंधळून जाऊ नका.

गाव एक आहे की दोन? मॅपवर अप्पर आणि लोअर असं दिसतं.

गाव एकच, पण दोन मजली म्हणा. लोअर सोल्व्हा म्हणजे दरीच्या तळाशी असलेली मुख्य गल्ली, तिच्या दोन्ही बाजूंना रंगीत घरं, दुकानं, पब आणि टोकाला बंदर. अप्पर सोल्व्हा वर कड्याच्या पठारावर, घरं जरा नवीन, वारा भरपूर. याशिवाय नदीच्या वरच्या अंगाला मिडल मिल नावाची छोटी वस्ती आहे, त्यापलीकडे व्हिटचर्च, आणि पूर्वेला सेंट एल्विस, हे सगळं मिळून सोल्व्हा कम्युनिटी होते. कम्युनिटी म्हणजे वेल्समधलं स्थानिक कारभाराचं सगळ्यात खालचं युनिट, आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळ जाणारं पण अधिकार बरेच कमी. लोकसंख्या हजाराच्या आत.

बंदर समुद्रातून दिसतच नाही म्हणतात, खरं का?

खरं आहे, आणि सोल्व्हाची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभरेक मीटर खाली होती. तेव्हा इथली नदी, आणि बर्फ वितळताना वाहणारं जोरदार पाणी, यांनी कातळात खोल अरुंद दरी कोरली. पुढे बर्फ वितळलं, समुद्र वर चढला आणि दरीचं तोंड पाण्याखाली गेलं. कोकणातल्या खाड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना समजायला सोपं आहे, फक्त इथे खारफुटी नाही, दोन्ही बाजूंना सरळ कडे आहेत आणि सगळा मामला एवढासा, पायी पाऊण तासात एका बाजूनं आत जाऊन दुसऱ्या बाजूच्या टोकावर चढता येतं. तर ही दरी सरळ नाहीये, आत येता येता वळते. त्यामुळे समुद्रातून बघणाऱ्याला नुसते कडे दिसतात, मागे बंदर आहे याचा पत्ता लागत नाही. शिवाय तोंडाशीच ब्लॅक रॉक आणि सेंट एल्विस रॉक असे खडक उभे, म्हणजे वाट माहीत असलेल्यानंच यावं असा सगळा बंदोबस्त. जरा बाहेर ग्रीन स्कार, ब्लॅक स्कार आणि द मेअर ही छोटी बेटं आहेत, ती किनाऱ्यावरून छान दिसतात.

फायदा उघड आहे, नैऋत्येकडून येणारी वादळी लाट त्या वळणावर थकते आणि आत पाणी शांत. सेंट ब्राइड्स बेचं तोंड पश्चिमेला अख्ख्या अटलांटिककडे उघडं, त्यामुळे असा आसरा या किनाऱ्यावर फार कमी ठिकाणी मिळतो. तोटा असा की वादळात तोंड सापडलं नाही किंवा वारा ऐन दारात फिरला, तर थेट खडकावर. १७७३ साली फीबी अँड पेगी नावाचं जहाज फिलाडेल्फियाहून आयर्लंडला चाललं होतं, ते इथेच दाराशी फुटलं, गावातले लोक होड्या घेऊन वाचवायला गेले, होडी उलटली आणि वाचवणारेही बुडाले. साठेक माणसं गेली असं सांगतात.

आम्ही गेलो तर बोटी चिखलात आडव्या पडल्या होत्या. बंदर बंद झालंय का?

नाही हो, ओहोटी होती. हा प्रश्न दर उन्हाळ्यात कुणीतरी विचारतंच. सोल्व्हाचं बंदर ओहोटीला जवळपास कोरडं पडतं, मधून नदीचा ओहोळ तेवढा वाहत राहतो. ब्रिस्टल चॅनलच्या तोंडाजवळचा हा सगळा किनारा भरती-ओहोटीसाठी प्रसिद्ध आहे, जवळच्या मिलफर्ड हेवनला उधाणाच्या दिवशी पाण्याची पातळी सहा मीटरच्या वर खाली-वर होते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, त्याच्या निम्म्याच्या आसपास. शिडाच्या जहाजांचं सगळं वेळापत्रक यावर चालायचं, भरतीला आत या, पाणी उतरलं की जहाज तळावर बसतं, तेव्हा गाड्या थेट जहाजाला लावून माल उतरवा आणि पुढच्या भरतीला निघा. क्रेन नाही, खोल गोदी नाही, तरी काम व्हायचं, कारण समुद्र स्वतःच दिवसातून दोनदा जहाज उचलून ठेवत होता.

फोटो हवा असेल तर भरतीला जा, बंदर समजून घ्यायचं असेल तर ओहोटीला. जमलं तर मध्ये जेवून दोन्ही बघा. वेळापत्रक आदल्या दिवशी नेटवर बघून ठेवा.

मग एवढ्याशा बंदरात माल तरी कसला यायचा?

मुख्य म्हणजे चुनखडी आणि कोळशाची भुकटी. त्याशिवाय लाकूड, किराणा, ब्रिस्टलहून येणारं शहरी सामान, आणि उलट दिशेनं शेतमाल. सेंट डेव्हिड्सच्या आजूबाजूच्या अख्ख्या पठाराचं हे दार होतं, रस्ते इतके वाईट होते की जड वस्तू समुद्रानंच यायची. अठराव्या शतकाच्या शेवटापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत गावाची भरभराट होती, गावची स्वतःची जहाजं होती, गोदामं होती, आणि इथून माणसं घेऊन जहाजं अमेरिकेलाही गेली. आता धक्क्याजवळ जी दगडी गोदामवजा घरं दिसतात त्यांच्याकडे जरा नीट बघा, दारं आणि खिडक्या राहण्यासाठी काढलेल्या नाहीत हे लगेच कळतं.

बंदराच्या पलीकडे ते गोल दगडी बुरूज कसले? किल्ला आहे का?

किल्ला नाही, चुन्याच्या भट्ट्या. ग्रिबिन नावाच्या डोंगराच्या सोंडेच्या पायथ्याशी ओळीनं उभ्या आहेत, छोट्या पुलावरून पलीकडे गेलं की समोरच. माझ्या मते सोल्व्हातली सगळ्यात महत्त्वाची वास्तू हीच, आणि बहुतेक लोक तिच्यावर बसून सँडविच खातात.

झालं असं की या भागातली माती आम्लधर्मी, पाऊस भरपूर, पीक धड येत नाही. उपाय म्हणजे शेतात चुना. पण चुनखडी इथे नाही, ती दक्षिण पेम्ब्रोकशायरमध्ये, मिलफर्ड हेवनच्या बाजूला. कोळसा मात्र जवळ, सेंट ब्राइड्स बेच्याच पूर्व किनाऱ्यावर नोल्टन आणि न्यूगेलच्या आसपास अँथ्रसाइटच्या, म्हणजे कडक जातीच्या कोळशाच्या, खाणी होत्या, त्यातली चांगली ढेकळं बाहेर विकली जायची आणि उरलेली भुकटी, तिला इथे कल्म म्हणतात, भट्टीला. जहाजांनी चुनखडी आणायची, भट्टीच्या वरच्या तोंडातून चुनखडी आणि कल्मचे थर आलटून पालटून टाकायचे, खालून जाळ, आणि काही दिवसांनी तळातून कळीचा चुना काढायचा. तो गाड्यांत भरून आसपासचे शेतकरी न्यायचे. वाटेत पाऊस आला तर पंचाईत, कारण कळीचा चुना पाण्यानं उकळतो, गाडीला आग लागायची भीती.

भट्ट्या रात्रंदिवस पेटत्या असायच्या. म्हणजे आज जी दरी आपल्याला एवढी निर्मळ वाटते तिथे तेव्हा धूर, चुन्याची पूड, कल्मची काळी धूळ, घोड्यांची लीद आणि डांबराचा वास असणार. थंडीत फिरस्ते लोक ऊब म्हणून भट्टीच्या काठाला झोपायचे आणि त्या वायूनं गुदमरून सकाळी उठायचेच नाहीत, अशा गोष्टी पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी ऐकायला मिळतात. रासायनिक खतं आली, रेल्वे आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या भट्ट्या थंड झाल्या.

स्मॉल्स दीपगृहाचा आणि सोल्व्हाचा काय संबंध?

एकदम जवळचा. स्मॉल्स म्हणजे मार्लोस द्वीपकल्पाच्या पश्चिमेला साधारण ३२ किलोमीटरवर, भर समुद्रात पाण्याच्या जेमतेम वर डोकं काढणारे खडक. लिव्हरपूल आणि ब्रिस्टलची जहाजं त्यांच्यावर फुटायची. लिव्हरपूलच्या गोदीत काम करणाऱ्या जॉन फिलिप्स नावाच्या माणसानं तिथे दिवा लावायचं मनावर घेतलं, आणि डिझाइनचं काम दिलं हेन्री व्हाइटसाइडला, जो इंजिनिअर नव्हताच, व्हायोलिन, स्पिनेट वगैरे वाद्यं बनवणारा कारागीर होता. हे वाचून हसू येतं, पण त्याची कल्पना अफलातून होती. दगडी मनोरा उभा करून लाटेशी भांडण्यापेक्षा खांबांवर खोली उभी करायची, लाट खांबांमधून निघून जाईल. आधी लोखंडी खांब करून पाहिले, ते टिकेनात, मग ओकच्या लाकडाचे केले.

हा सांगाडा आधी सोल्व्हात उभा केला गेला, सगळे सांधे बसतायत का ते पाहिलं, सुटा केला आणि मग होड्यांनी खडकावर नेऊन पुन्हा उभारला. १७७६ साली दिवा लागला. लगेच पुढच्या वर्षी, जानेवारी १७७७ मध्ये, व्हाइटसाइड स्वतः दुरुस्तीला गेला आणि वादळामुळे माणसांसकट तिथेच अडकला, खायला प्यायला संपत आलं, तेव्हा त्यानं चिठ्ठ्या लिहून बाटल्यांत घातल्या, बाटल्या पिंपात, आणि पिंप समुद्रात सोडलं. चिठ्ठी पोचली, सुटकाही झाली.

पैशाची बाजू मला स्वतःला जास्त गमतीची वाटते. जवळून जाणाऱ्या जहाजांकडून बंदरात दिव्याचा कर घेतला जायचा. १७७८ मध्ये ट्रिनिटी हाऊसनं, म्हणजे दीपगृहं सांभाळणाऱ्या संस्थेनं, हे दीपगृह ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं फिलिप्सकडे दिलं, भाडं वर्षाला ५ पौंड. जहाज वाहतूक वाढत गेली तसा तो कर इतका यायला लागला की १८३६ साली ट्रिनिटी हाऊसला उरलेला भाडेपट्टा परत विकत घ्यायला १,७०,४६८ पौंड मोजावे लागले. लाकडाच्या खांबांवरच्या एका खोलीसाठी!

दोन दीपगृह रक्षकांची ती भयानक गोष्ट खरी आहे का?

गाभा खरा आहे, तपशिलात मीठमसाला असणार. साधारण १८०१ ची गोष्ट. तेव्हा दीपगृहावर दोनच माणसं असायची, थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ. दोघांचं जमत नाही हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत. त्यात ग्रिफिथ मेला. प्रेत समुद्रात सोडलं तर लोक म्हणणार हॉवेलनंच मारला, म्हणून त्यानं खोलीतल्याच लाकडाची पेटी केली, प्रेत तीत ठेवलं आणि पेटी बाहेर कठड्याला बांधली. वादळ काही थांबेना, आठवड्यांमागून आठवडे सुटका करणारी होडी खडकाला लागू शकेना. लाटांनी पेटी फुटली आणि प्रेताचा एक हात वाऱ्यानं हलत राहिला, लांबून जाणाऱ्या जहाजांना वाटायचं कुणीतरी हात करतंय, म्हणजे सगळं ठीक आहे. दिवा मात्र हॉवेलनं शेवटपर्यंत विझू दिला नाही. परत आला तेव्हा ओळखीच्यांनाही ओळखू येत नव्हता म्हणतात.

या प्रकरणानंतर दीपगृहावर दोनऐवजी तीन माणसं ठेवायचा नियम आला आणि ब्रिटनमध्ये दीपगृहं स्वयंचलित होईपर्यंत तो चालला. स्मॉल्स स्वयंचलित झालं १९८७ ला.

आज तिथे उभं आहे ते दुसरं दीपगृह, ग्रॅनाइटचं, ४१ मीटर उंच, १८६१ पासून. त्याच्याही कामाचा किनाऱ्यावरचा तळ सोल्व्हाच होता, ग्रॅनाइट इथे घडवून मग बाहेर न्यायचे, आणि बंदरातल्या एका धक्क्याचं नाव अजून ‘ट्रिनिटी की’ (इंग्लिशमध्ये ‘की’ म्हणजे धक्का) आहे. किनाऱ्यावरून स्मॉल्स दिसायला फार लांब, रात्री हवा स्वच्छ असेल तर दिवा मिचकतो तेवढा.

मग बंदर पडलं कसं?

रेल्वेनं. १८५० च्या दशकात गाडी हॅव्हरफर्डवेस्टपर्यंत आली, सोल्व्हाला कधीच आली नाही. पण तेवढंही पुरलं, माल रेल्वेनं स्वस्त आणि वेळेवर यायला लागला, त्यासाठी कुणी भरतीची वाट बघेना. त्यात जहाजं मोठी आणि वाफेवरची झाली, त्यांना हे वाकडं, कोरडं पडणारं बंदर नकोच होतं. लपलेलं असणं आणि उथळ असणं, ज्या दोन गोष्टींवर गाव जगलं त्यांनीच नंतर अडवलं. आणि उपरोध असा की मोठा धक्का, मोठी क्रेन, रेल्वेचा फाटा असलं काहीच न झाल्यामुळे जुनं बंदर तसंच राहिलं, ते बघायला आता आपण पार्किंगचे पैसे भरून जातो.

स्मगलिंग व्हायचं का?

व्हायचंच. बाहेरून न दिसणारं बंदर आणि त्या काळी मीठ, चहा, दारूवर जबर कर, मग काय होणार. पण पबमध्ये ज्या भुयारांच्या वगैरे गोष्टी सांगतात त्या बिअरसोबतच घ्याव्यात.

ग्रिबिनवर चढण्यासारखं काय आहे?

भट्ट्यांच्या मागून जी डोंगराची सोंड समुद्रात शिरते ती ग्रिबिन. एका बाजूला सोल्व्हाची दरी, दुसऱ्या बाजूला ग्वाड्नची, मध्ये ही अरुंद कड. टोकाजवळ लोहयुगातल्या वस्तीचे मातीचे बांध आहेत, तिन्हीकडे कडा असल्यावर फक्त एका बाजूला बांध घातला की झाला किल्ला, साधा हिशोब. वरून बंदराचं ते वळण एका नजरेत कळतं, दुसरीकडे कुठूनही कळत नाही. चढ छोटा आहे पण पावसात निसरडा.

पश्चिमेला पोर्थ-इ-ऱ्हाव नावाच्या घळीपाशी अशीच आणखी एक जागा आहे, तिथे बांधांच्या एकापेक्षा जास्त रांगा आहेत, आणि कडा ढासळतोय तसा तो किल्ला थोडा थोडा समुद्रात जातोय.

मुलाला फॉसिलचं वेड आहे, काही मिळेल का?

मिळेल म्हणू नका, बघायला मिळालं तर बघा. पण इतिहास जबरदस्त आहे. इथले खडक कँब्रियन काळातले, म्हणजे पन्नास कोटी वर्षांपूर्वीचे, आणि भूशास्त्रात यातल्या एका थरसमूहाला सोल्व्हाचंच नाव आहे. त्याच पोर्थ-इ-ऱ्हावला १८६२ साली जॉन सॉल्टर या जीवाश्मतज्ज्ञाला पॅराडॉक्सिडीस डेव्हिडिस नावाचा ट्रायलोबाईट, म्हणजे कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री प्राणी, सापडला, अर्धा मीटरपर्यंत लांब होणारा, ट्रायलोबाईटमध्ये राक्षसच. त्यानंतर सेंट डेव्हिड्सचेच डॉक्टर हेन्री हिक्स यांनी दवाखाना सांभाळत या किनाऱ्याचे थर शिस्तीत लावले. ही जागा संरक्षित आहे, हातोडी घेऊन जाऊ नका, आणि कड्याखाली उभं राहून वर बघत बसू नका, दगड पडतात.

सेंट डेव्हिड्सचं कॅथेड्रल बघणार असाल तर त्याचा जांभळट दगडही इथलाच, सोल्व्हा आणि सेंट डेव्हिड्सच्या मधल्या केअरब्वडी खाडीतला.

सेंट एल्विस म्हणजे एल्विस प्रेस्लीचा काही संबंध?

पुरावा शून्य, टीशर्ट भरपूर. हा एल्विस म्हणजे सहाव्या शतकातला आयरिश संत आल्बे, त्यानं वेल्सचा संत डेव्हिड याला बाप्तिस्मा दिला अशी परंपरा आहे. पूर्वेच्या पठारावर त्याच्या नावाचं शेत आहे आणि तिथे नवाश्मयुगातलं दगडी थडगं आहे, मोठमोठ्या शिळा उभ्या करून वर झाकण ठेवलेलं. म्हणजे संताच्याही कित्येक हजार वर्षं आधीचं. लोक एल्विसच्या पाटीबरोबर सेल्फी काढून परततात, थडग्यापर्यंत जात नाहीत. जा.

तिथं वेल्श बोलतात की इंग्लिश?

दोन्ही. पेम्ब्रोकशायरच्या मधून एक न दिसणारी भाषेची सीमा जाते, तिला लँडस्कर म्हणतात. बाराव्या शतकात नॉर्मन लोकांनी दक्षिणेला इंग्लिश आणि फ्लेमिश लोक वसवले तेव्हापासून दक्षिण इंग्लिश आणि उत्तर वेल्श. पश्चिमेला ही सीमा न्यूगेलपाशी समुद्राला मिळते, म्हणजे सोल्व्हा तिच्या जरासंच उत्तरेला, वेल्श बाजूला. मात्र बंदर असल्यामुळे इंग्लिश इथे पूर्वीपासूनच कानावर होती आणि आता बाहेरून येऊन राहिलेले लोक खूप. वेल्शमधला फार मोठा गायक-गीतकार मेइक स्टीव्हन्स याच गावात १९४२ साली जन्मला. दुकानात ‘दिओल्ख’ म्हणून आभार मानलेत तर समोरचा खूश होतो.

वूलन मिल बघण्यासारखी आहे का?

हो, नक्की. बंदरापासून नदीकाठानं वर गेलं की दीडेक किलोमीटरवर मिडल मिल, तिथे १९०७ पासूनची सोल्व्हा वूलन मिल आहे आणि ती अजून चालू आहे, पेम्ब्रोकशायरमधली सतत चालू असलेली सगळ्यात जुनी लोकरीची गिरणी म्हणून सांगतात. पूर्वी घोंगड्या, फ्लॅनेल वगैरे, आता मुख्यतः गालिचे आणि पायघड्या. पाणचक्कीचं चाक पुन्हा बसवलंय. मागांचा खडखडाट ऐकायचा असेल तर कामाच्या दिवशी जा, वीकेंडला शुकशुकाट असू शकतो.

दुसऱ्या महायुद्धाचं काही?

गावाच्या वरच्या पठारावर १९४३ साली सेंट डेव्हिड्सचा विमानतळ सुरू झाला, पाणबुड्या शोधणारी कोस्टल कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या सागरी विभागाची, विमानं इथून उडायची, जवळच ब्रॉडीला दुसरा. आता सेंट डेव्हिड्सची धावपट्टी गवतात हरवलीय, २००२ मध्ये तिथे वेल्श भाषेचा राष्ट्रीय सोहळा, आयस्टेडफॉड, भरला होता. ब्रॉडीला १९७४ ते १९९५ अमेरिकन नौदलाचं केंद्र होतं, अटलांटिकच्या तळाला टाकलेल्या यंत्रांवरून सोव्हिएत पाणबुड्यांचे आवाज ऐकायचं. इकडे पर्यटक आईस्क्रीम खातायत आणि तिकडे चार मैलांवर हे चाललेलं.

आता गावातले लोक करतात काय?

पर्यटन, थोडी मासेमारी, शेती, आणि बरेच निवृत्त लोक. मासेमारी म्हणजे मुख्यतः शेवंड आणि खेकडे, धक्क्यावर सापळ्यांचे ढीग दिसतील, तेवढंच आता खऱ्या अर्थानं कामाचं बंदर उरलंय. घरांचा प्रश्न मोठा आहे. रंगीत घरांतली कित्येक घरं सुट्टीपुरती उघडतात, हिवाळ्यात संध्याकाळी गल्लीतून गेलात तर दिवे मोजून घ्या. किंमती गावातल्या पोरांच्या आवाक्याबाहेर. वेल्स सरकारनं एप्रिल २०२३ पासून कौन्सिलना दुसऱ्या घरांवर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावायची मुभा दिली, पेम्ब्रोकशायरनं आधी २०० टक्के लावला, मग १५० वर आणला, भांडणं चालूच आहेत. गावानं मात्र हातावर हात ठेवलेला नाही, परवडणाऱ्या घरांसाठी सोल्व्हा कम्युनिटी लँड ट्रस्ट काढला आणि म्हाताऱ्या लोकांच्या मदतीसाठी सोल्व्हा केअर नावाची संस्था चालवतात. एवढ्याशा गावाला हे जमतं याचं मला कौतुक वाटतं.

चालायला कुठपर्यंत जावं?

पेम्ब्रोकशायर कोस्ट पाथ गावातूनच जातो, १९७० साली खुला झालेला, २९९ किलोमीटरचा, आता तो २०१२ च्या अख्ख्या वेल्स कोस्ट पाथचा भाग आहे. पूर्वेला न्यूगेलपर्यंत आठेक किलोमीटर, पण आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक घळीत उतरायचं आणि पुन्हा चढायचं, गुडघे बोलायला लागतात. वाटेत डिनस व्हाख आणि डिनस व्हाउर ही दोन टोकं. शेवटी न्यूगेलचा लांबच लांब पुळणीचा किनारा. पश्चिमेला सेंट डेव्हिड्सच्या बाजूनं केअरब्वडी, केअरव्हाय, सेंट नॉन्स, ही वाट त्या मानानं सोपी. वयस्कर आई-बाबा बरोबर असतील तर ग्रिबिनच्या पायथ्यापर्यंत आणि मिडल मिल एवढं पुरे.

गाडी नाही, जमेल का?

जमेल, वेळ धरून चाला. ट्रेननं हॅव्हरफर्डवेस्ट, तिथून टी११ बस, ती सोल्व्हावरून सेंट डेव्हिड्स करून पुढे फिशगार्डला जाते. रविवारचं वेळापत्रक आधी बघा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ फोनमध्ये फोटो काढून ठेवा, दरीत नेटवर्क धड मिळत नाही.

पोहता येतं का? आणि शाकाहारी खायला?

बंदरात नको, बोटी असतात आणि ओहोटीचं पाणी तोंडाशी जोरात ओढतं. ग्वाड्नचा दगडी किनारा ओहोटीला चालत गाठता येतो पण पाणी चढायच्या आत परत फिरा. मुलांना पाण्यात खेळायचंच असेल तर न्यूगेल, तिथे उन्हाळ्यात लाईफगार्ड असतात. खाण्याचं म्हणाल तर पबमध्ये एक-दोन व्हेज पदार्थ असतातच, कॅफेत सूप, चीज टोस्ट, वेल्श केक. हिवाळ्यात निम्मी दुकानं बंद, ठेपले बरोबर असू द्या.